सोडतीत घर लागणं आणि ते परवडणं

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघं, एक मुलगी, सध्या भाड्याच्या खोलीत. नवऱ्याचा पगार हातात २४ हजार, ताईंचं घरचं शिवणकाम धरलं तर आणखी दहाएक हजार. गाडीचा हप्ता २,३०० रुपये. साठवलेले चार लाख. म्हाडाच्या मुंबईच्या पुढच्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटातून अर्ज भरायचा विचार आहे. त्यांचं म्हणणं, 'सरकारनेच उत्पन्न बघून गट पाडलेत, म्हणजे आमच्या गटातलं घर आम्हाला परवडेल असंच असणार ना? आणि बाकीच्या गटांचं काय, त्यांना तरी परवडतं का?'

ताई, मी गेली एकोणीस वर्षं गृहकर्जाच्या फाइली तयार करून देण्याचं काम करते. त्यातल्या बऱ्याच फाइली म्हाडा आणि सिडकोच्या विजेत्यांच्या होत्या. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देते: गट तुमच्या उत्पन्नावरून ठरतो, घराची किंमत जागेवरून आणि बांधकामावरून ठरते, आणि या दोन आकड्यांची एकमेकांशी गाठ कुणी घालून देत नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक गटात घर परवडतं ते त्या गटाच्या वरच्या टोकाला असलेल्यांना, तेही हाताशी बरी रोख रक्कम असेल तरच. गटाच्या तळाला आणि मध्यावर असलेल्यांना अर्ज करायचा हक्क मिळतो, घर घ्यायची ऐपत मिळत नाही.

आता हिशोब. मुंबईसारख्या महानगर प्रदेशात २०२२ पासून वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ६ ते ९ लाख अल्प गट, ९ ते १२ लाख मध्यम गट आणि त्यावर उच्च गट. उत्पन्न अर्जदार आणि त्याच्या जोडीदाराचं मिळून धरतात. ६ लाख म्हणजे महिन्याला ५० हजार. आधी ही मर्यादा महिन्याला २५ हजार होती. मर्यादा दुप्पट केली तेव्हा खूप जणांनी स्वागत केलं, आणि ते चूकही नव्हतं, कारण मुंबईत २५ हजारांत घराचा हप्ता भरू शकणारं कुटुंब सापडणं मुश्कील होतं. पण त्यामुळे एक गोष्ट झाली. महिना १८ हजार मिळवणारी घरकाम करणारी बाई आणि महिना ४९ हजार मिळवणारा कंपनीतला मुलगा एकाच रांगेत आले. घराची किंमत दोघांना एकच.

२०२३ च्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी भागात अत्यल्प गटासाठी १,९४७ घरं होती, पंतप्रधान आवास योजनेतली. किंमत ३० लाखांच्या आसपास, क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. गोरेगावात त्या किमतीला बाहेर काही मिळत नाही, हे खरंच आहे, आणि ही घरं बांधली याबद्दल मला मनापासून बरं वाटलं होतं. पण ३० लाखांचं घर म्हणजे बँकेने अगदी ९० टक्के दिले तरी २७ लाखांचं कर्ज. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी एका लाखाला महिन्याला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. २७ लाखांना होतात सुमारे २३,४००. महिन्याला ५० हजार मिळवणाऱ्याच्या उत्पन्नाचा हा निम्म्याला टेकलेला भाग झाला. ओढाताण होईल, पण होईल. ३४ हजार मिळवणाऱ्या तुमच्या घरात हाच हप्ता दोन तृतीयांशाहून जास्त. आणि २५ हजारवाल्याकडे हप्ता भरून उरतात सोळाशे रुपये.

बँक इथवर येऊच देत नाही. बँका साधारणपणे उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत सगळे हप्ते मिळून जाऊ देतात, आणि पगार जितका कमी तितका हा टक्का खाली येतो, कारण कमी पगारात पोटाला लागणारा भाग मोठा असतो. ४५ टक्के धरू. तुमच्या बाबतीत बँक पहिल्यांदा फक्त नवऱ्याचा पगार धरेल, कारण शिवणकामाचे पैसे रोख येतात आणि त्याचं आयकर विवरणपत्र भरलेलं नसणार. २४ हजारांचे ४५ टक्के १०,८००, त्यातून गाडीचे २,३०० वजा, उरले साडेआठ हजार. एवढ्या हप्त्यात कर्ज बसतं पावणेदहा लाखांच्या आसपास. तुमचे चार लाख धरून पावणेचौदा. घर ३० लाखांचं. मधले सोळा लाख कुठून आणायचे, याचं उत्तर कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतं.

हे मी कागदावरचं सांगत नाही. २०२३ च्या त्या सोडतीनंतर आठवड्याभरात एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, एका दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करणारे. बायको आणि दोन मुलं बरोबर. हातात पेढ्यांचा पुडा. मोबाइलवर विजेता झाल्याचा मेसेज होता, तो त्यांनी मला तीनदा दाखवला. बारा वर्षं ते अर्ज भरत होते. मी पगाराची पावती मागितली. हातात येणारे २२,८००, त्यात पतपेढीचा २,१०० चा हप्ता. मी कॅल्क्युलेटरवर आकडा काढला आणि त्यांच्याकडे फिरवला: साडेनऊ लाखांच्या आत. ते म्हणाले, 'मॅडम, शून्य राहिलं असेल एखादं.' त्यांच्या बायकोला लगेच समजलं होतं, तिने मुलाच्या हातातला पेढा काढून पुड्यात परत ठेवला. पुढचे दोन महिने त्यांनी गावच्या जमिनीतला वाटा, मेहुण्याकडचे उसने, दागिने असं सगळं चाचपून पाहिलं. एका खासगी कंपनीने कर्ज द्यायची तयारी दाखवली, बारा टक्क्यांनी. शेवटी त्यांनी घर परत केलं. तो पत्र लिहायचा कागद मीच त्यांना दिला, आणि ते काम मी आजवर केलेल्या सगळ्यात वाईट कामांपैकी एक आहे.

त्या बारा टक्क्यांवर जरा थांबू, कारण याबद्दल फार कमी लोक बोलतात. ज्याचा पगार पक्का, सिबिल (कर्जफेडीच्या सवयीवरचे गुण) चांगला, नोकरी सरकारी किंवा मोठ्या कंपनीतली, त्याला बँक सगळ्यात कमी दराने कर्ज देते. ज्याचं उत्पन्न रोखीचं, रिक्षावाला, भाजीवाली, शिवणकाम करणारी, त्याला बँक दारातूनच परत पाठवते आणि तो जातो गृहवित्त कंपनीकडे, जिथे दर अकरा-बारा-तेरा टक्के. २७ लाखांचा हप्ता बारा टक्क्यांनी होतो सुमारे २९,७००. म्हणजे घर तेच, किंमत तीच, पण ज्याची मिळकत कमी आणि कच्ची त्याला महिन्याला सहा हजार जास्त. किमतीत मिळालेली सवलत व्याजात निघून जाते.

आणखी एक कात्री आहे. म्हाडाकडे पात्र ठरायला उत्पन्न मर्यादेच्या आत दाखवावं लागतं, बँकेकडे कर्ज मिळायला जास्तीत जास्त दाखवावं लागतं. स्वयंरोजगारवाला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढतो, त्यावर दीड-दोन लाख लिहिलेले असतात, आणि पात्र ठरतो. तोच दाखला घेऊन बँकेत गेला की अधिकारी म्हणतो, 'दीड लाखावर तुम्हाला तीस लाख कसे देऊ?' मग माणूस खरं सांगतो की महिन्याला पस्तीस मिळतात, पण त्याला कागद नसतो. खोटेपणा करायचा असतो असं नाही. दाखला काढतानाच तलाठ्याकडे आकडा कमी लिहायची रीत पडली आहे, शाळेच्या फीसवलतीसाठी, शिष्यवृत्तीसाठी. ती रीत इथे गळ्याशी येते.

तुम्ही विचाराल, मग अत्यल्प गटातली घरं जातात कुणाला? माझ्या फाइलींत जे विजेते घर घेऊ शकले, त्यांच्यात एक प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. पंचविशी-तिशीतला अविवाहित मुलगा किंवा मुलगी, पगार साडेपाच लाखांपर्यंत, आई-वडिलांच्या घरी राहतो. उत्पन्नात फक्त अर्जदार आणि जोडीदार धरतात, त्यामुळे वडिलांचं पेन्शन किंवा त्यांच्या नावावरचं घर मोजणीत येत नाही. सुरुवातीचे सात-आठ लाख वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून येतात, घरात दुसरा खर्च नाही, कर्ज सहज मिळतं. यात त्या मुलाने काहीही गैर केलेलं नाही. नियमाने तो पात्र आहे, त्यालाही घर हवंच आहे. पण चाळिशीतला, दोन मुलांचा, भाडं भरणारा माणूस आणि हा मुलगा यांना एकाच गटात ठेवून 'अत्यल्प उत्पन्न गटाला घरं दिली' असं म्हणणं मला पटत नाही. ज्याच्या पाठीशी कुणी नाही, त्याच्यासाठी हा गट होता.

गटांच्या सीमारेषेवर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. त्याच पहाडी गोरेगावात अल्प गटाची घरं ४५ लाखांच्या आसपास होती. एका जोडप्याचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न भरलं ६ लाख ८ हजार. दिवाळीच्या बोनसमुळे वरचे आठ हजार. त्या आठ हजारांनी ते अत्यल्प गटातून बाहेर पडले, आणि त्यांच्यासमोरचं घर ३० लाखांवरून ४५ लाखांवर गेलं. खालच्या गटातल्याला वरच्या गटात अर्ज करता येतो, वरच्याला खाली उतरता येत नाही. ४५ लाखांवर बँक ८० टक्के देते, म्हणजे ३६ लाख, हप्ता ३१,२००. स्वतःचे ९ लाख, शिवाय मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २ लाख ७० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. बारा लाख रोख हवेत. महिना ५० हजार कमावणाऱ्याकडे बारा लाख साठायला, महिन्याला पाच हजार बाजूला टाकले तर वीस वर्षं लागतील. ७५ हजारवाल्याला हाच हप्ता ४२ टक्क्यांवर येतो, म्हणजे बँकेच्या मापात बसतो. तळाचा आणि टोकाचा फरक इथेही तोच.

मध्यम गटाची गोष्ट मला सगळ्यात अवघड वाटते, कारण त्यांच्याबद्दल कुणाला वाईटही वाटत नाही. ९ ते १२ लाख उत्पन्न, महिना ७५ हजार ते एक लाख. मुंबईत या गटातलं घर कोटीच्या आसपास किंवा वर गेलं की बँक ७५ टक्केच देते. ७५ लाखांचा हप्ता ६५ हजार. लाखभर कमावणाऱ्याच्यासुद्धा आवाक्याबाहेर, आणि वर पंचवीस लाख स्वतःचे, सहा लाख मुद्रांक. या गटाला अनुदान नाही, कारण ते गरीब नाहीत. आणि घर नाही, कारण ते श्रीमंतही नाहीत. शिक्षक, परिचारिका, बँकेतले कारकून, कनिष्ठ अभियंते, सगळे इथे अडकलेले आहेत.

उच्च गटात तर गणित पार कोलमडतं. २०२३ च्या सोडतीत ताडदेवच्या एका टॉवरमधली सात घरं साडेसात कोटींच्या वरची होती. पंचाहत्तर टक्के कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ता चार लाख ८८ हजारांच्या वर. उच्च गटात पात्र व्हायला १२ लाखांवर उत्पन्न पुरतं, म्हणजे महिन्याला लाख. ही घरं म्हाडाला विकासकाकडून वाट्याला येतात आणि त्यांची किंमत त्या भागाच्या रेडीरेकनरला (सरकारने ठरवलेल्या जागेच्या दराला) बांधलेली असते, म्हणून असं होतं. कुणी मुद्दाम केलं असं नाही. पण गटाचं नाव आणि किंमत यांचा संबंध किती तुटलाय ते इथे उघडं दिसतं.

२०२४ मध्ये हे सरकारलाही मान्य करावं लागलं. त्या वर्षी मुंबईत २,०३० घरांची सोडत होती. त्यातली ३७० घरं पुनर्विकासातून विकासकांकडून आलेली. जाहिरात आली तेव्हा त्यांच्या किमती बघून इतकी ओरड झाली की अर्ज भरणं चालू असतानाच किमती उतरवल्या: अत्यल्प गटाला २५ टक्के, अल्पला २०, मध्यमला १५, उच्चला १०. मला यातली एक गोष्ट आवडली. सूट गटानुसार दिली, खालच्याला जास्त, वरच्याला कमी. हेच आधीपासून सगळ्या घरांना का लागू नसावं, असं मी तेव्हापासून भेटेल त्याला विचारते आहे.

त्याच सोडतीत आणखी एक आकडा होता ज्यावर फारशी चर्चा झाली नाही. २,०३० पैकी अत्यल्प गटाला ३५९, अल्पला ६२७, मध्यमला ७६८, उच्चला २७६. आदल्या वर्षीच्या ४,०८२ घरांपैकी २,७०० हून जास्त अत्यल्प गटाची होती. म्हणजे दोन तृतीयांशावरून वाटा एका वर्षात पाचव्या हिश्शाच्याही खाली आला. कुठल्या वर्षी कुठला प्रकल्प पूर्ण होतो त्यावर हे अवलंबून असतं, मान्य. पण सोडतीत गटांचं प्रमाण किमान इतकं असावंच, असं बंधन असतं तर ही घसरण झाली नसती. त्यातही साधारण निम्मी घरं वेगवेगळ्या आरक्षणांत जातात. अनुसूचित जातीजमातींचं, अपंगांचं आरक्षण योग्यच आहे. पण आजी-माजी आमदार-खासदारांचे दोन टक्के अत्यल्प गटातही ठेवण्याला काय अर्थ होता? आमदाराचं नुसतं वेतनच या गटाच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे.

किमती कमी होऊच शकत नाहीत असं कुणी सांगितलं, तर गिरणी कामगारांची घरं आठवा. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची सोडत झाली, किंमत साडेनऊ लाख. वडाळा आणि लोअर परळमध्ये. ती हक्काची आणि लढून मिळवलेली घरं होती, त्यांची तुलना सगळ्या सोडतींशी होणार नाही. तरीही एवढं दिसतं की किंमत हा धोरणाचा निर्णय असतो.

त्याही आधीची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. म्हाडा १९७७ मध्ये स्थापन झाली. त्याआधी मुंबईत गृहनिर्माण मंडळ होतं. केंद्राने १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली, आणि मंडळाने वसाहती बांधल्या. त्यातली पुष्कळ घरं भाड्याने दिली गेली, काही भाडेखरेदीने. भाडेखरेदी म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता मंडळाकडेच भरायचा, आणि हप्ते फिटले की घर नावावर. मध्ये बँक नव्हती. कामगाराची पगाराची पावती, त्याचा सिबिल, त्याचं उत्पन्न रोखीचं की खात्यातलं, हे प्रश्नच उद्भवत नव्हते. आज त्या वसाहतींमधल्या ज्या इमारतींचा पुनर्विकास चाललाय, त्यातल्या कितीतरी कुटुंबांना घर मिळालं ते या पद्धतीने. आज विजेत्याला देकारपत्र (घर देऊ केल्याचं पत्र) मिळाल्यावर साधारण ४५ दिवसांत २५ टक्के आणि त्यापुढच्या ६० दिवसांत उरलेले ७५ टक्के भरायचे असतात. साडेतीन महिन्यांत तीस लाख. अत्यल्प उत्पन्न गटाकडून. भाडेखरेदी परत आणली, मंडळाने हप्ता उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शावर बांधून पंचवीस-तीस वर्षांवर पसरवला, तर तुमच्यासारखी पुष्कळ कुटुंबं पार पडतील. मंडळाचे पैसे अडकतील हे खरं, पण गरिबांसाठी घरं बांधायची म्हटल्यावर कुठेतरी पैसे अडकणारच.

सिडकोबद्दल थोडक्यात. नवी मुंबईत २६ हजार घरांच्या योजनेत २०२५ च्या सुरुवातीला किमती जाहीर झाल्या तेव्हा तळोज्यातलं अत्यल्प गटाचं घर २५ लाख १० हजारांपासून होतं, आणि वाशीतलं अल्प गटाचं ७४ लाख १० हजार. ७४ लाखांचं घर ज्याला परवडतं त्याला 'अल्प उत्पन्न' म्हणता येणार नाही. आणि तळोज्याला स्वस्त मिळालं तर कामाच्या ठिकाणी जायचा खर्च आणि वेळ हाही हप्त्यासारखाच दरमहा जातो. विरार-बोळींजची म्हाडाची घरं अशाच कारणांनी वर्षानुवर्षं पडून राहिली. सोडत निघाली, पुन्हा निघाली, मग प्रथम येणाऱ्यास प्राधान्य केलं. पाण्याचा प्रश्न, स्टेशनपासूनचं अंतर, आणि किंमत आसपासच्या खासगी घरांच्या जवळपास.

मग कुठली घरं खरंच परवडतात? माझ्या अनुभवात सगळ्यात बरी ठरली ती वीस टक्के योजनेतली. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या विकासकाला २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी द्यावी लागतात, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. ठाणे, कल्याण, पुणे, नाशिक या बाजूला ही मिळतात. किंमत बाजारभावाच्या बरीच खाली, म्हणून अर्जांची गर्दीही तिथेच. फक्त तिथे एक खर्च लक्षात ठेवा: देखभाल. इमारत अनेकदा वेगळी असते, पण जिथे एकाच संकुलात लिफ्ट, सुरक्षा, पाणी-सांडपाणी यंत्रणा सामायिक असतात, तिथे महिन्याला दोन-तीन हजार सहज जातात. म्हाडाच्या स्वतःच्या उंच इमारतींतही सेवाशुल्काने लोक हैराण झालेले मी पाहिलेत. मुंबई महापालिकेने पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ केलाय, तेवढा एक दिलासा.

ताई, आता तुमच्यापुरतं. या वर्षी तीस लाखांच्या घरासाठी अर्ज भरू नका असं मी सांगेन. लागलं तर परत करावं लागेल, अर्जाचे पैसे तर गेलेच, आणि त्या दोन महिन्यांत घरात जे होतं ते मी पाहिलंय. त्याऐवजी उलट्या बाजूने सुरू करा. तुमच्या शिवणकामाचे पैसे आजपासून खात्यात घ्या, गिऱ्हाइकांना मोबाइलवरून पाठवायला सांगा, आणि तुमच्या नावाने विवरणपत्र भरायला सुरुवात करा. कर लागणार नाही, पण दोन वर्षांची विवरणपत्रं झाली की बँक तुमचं उत्पन्न धरेल. दोघांचं मिळून वर्षाला चार लाख आठ हजार होतं, अत्यल्प गटाच्या मर्यादेच्या बरंच आत, म्हणून पात्रतेला धक्का नाही. तोवर गाडीचं कर्ज फेडून टाका. मग ३४ हजारांच्या ४५ टक्क्यांनी १५,३००, म्हणजे साडेसतरा लाखांचं कर्ज. त्यात तुमचे चार लाख आणि दोन वर्षांत जे वाढेल ते. बावीस लाखांपर्यंतचं घर तुमच्या आवाक्यात येतं, त्यातून मुद्रांकाचे पैसे बाजूला ठेवा. त्या किमतीत म्हाडाच्या कोकण मंडळाच्या (ठाणे-कल्याण बाजूच्या) सोडतीत वीस टक्क्यांतली घरं बघा, कामाच्या ठिकाणापासून रेल्वेने किती वेळ लागतो ते स्वतः एकदा सकाळी आठला जाऊन मोजा.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळालेलं घर असेल तर त्यालाच पसंती द्या. नसेल तर ताबा मिळेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही भरावे लागतील, आणि तुमच्या पगारात दोन्ही मावत नाहीत. शिवाय भोगवटा मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचं अनुदान आहे, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच हप्त्यांत. तुमच्या उत्पन्नाला ते लागू होऊ शकतं. कर्ज देणारी संस्था या योजनेत आहे ना, हे फाइल देण्याआधी विचारा, नंतर नाही.

आणि पाच वर्षं घर विकता येत नाही, हे दोघांनी मिळून समजून घ्या. मला काही जण म्हणतात, घेऊन टाकू, नाही झेपलं तर विकू. पाच वर्षं तो रस्ता बंद असतो. भाड्याने देणंही परवानगीशिवाय करू नका. अर्जाच्या आधी नवऱ्याच्या तीन पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि दोघांचे अधिवास दाखले घेऊन एकदा दोन वेगवेगळ्या बँकांत जा आणि किती कर्ज बसतं ते लेखी विचारा. तो आकडा हातात आल्यावर मग जाहिरात उघडा, आणि त्याच्या वरच्या किमतीच्या योजनांचे संकेत क्रमांक पेन्सिलीने खोडत जा. जे उरतील त्यातूनच निवडा.